सर्व्हिसिंगचा अंदाज 5,200, बिल 11,300. यातलं गाडीला खरंच किती लागत होतं?

हडपसर_ते_हिंजवडी
गाडी 1.2 लिटर पेट्रोल, तीन वर्षांची, 30,000 किलोमीटर झालेली. मंगळवारी सकाळी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला लावली. जॉबकार्डावर (करायच्या कामांच्या कागदावर) अंदाज 5,200 : ऑईल 2,100, ऑईल फिल्टर आणि वॉशर 200, केबिन फिल्टर (एसीची हवा गाळणारा) 500, लेबर 2,400. दुपारी फोन आला, "सर, थ्रॉटल बॉडी फार खराब झालीय, अजून एक-दोन कामं निघालीत, करून टाकू ना?" मी कामात होतो, हो म्हणालो.

संध्याकाळी बिल 11,300. वाढलेले 6,100 असे : थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) क्लीनिंग 1,250, एसी डिसइन्फेक्शन 850, इंजिन फ्लश (ऑईल बदलण्याआधी इंजिन आतून धुणं) 700, चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,100, इंजिन ड्रेसिंग (इंजिनाला बाहेरून चकाकी आणणं) 450, ब्रेक क्लीनिंग 650, उंदरांनी वायर कुरतडू नये म्हणून फवारा 1,100.

घरी येऊन गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढलं. माझ्या गाडीच्या तक्त्यात 30,000 च्या रकान्यात ऑईल आणि ऑईल फिल्टर 'बदला' आहे, बाकी जवळजवळ सगळीकडे 'तपासा'. इंजिन फ्लश, ड्रेसिंग, फवारा हे शब्द अख्ख्या तक्त्यात नाहीत. 2,400 लेबरबद्दल माझी तक्रार नाही. जे कंपनीने सांगितलेलंच नाही ते 'सर्व्हिस' म्हणून गळ्यात मारतात, याची चीड येते. आणि वडिलांच्या पिढीतला माणूस "गाडीच्या भल्यासाठी असेल" म्हणून मुकाट पैसे भरतो, याचं जास्त वाईट वाटतं.

नाशिक_वर्कशॉप
मी अकरा वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. लेबरच्या 2,400 मधले सुमारे 366 रुपये जीएसटीत जातात. उरलेल्यात टेक्निशियन, बिघाड शोधणारा स्कॅनर, लिफ्ट, जागेचं भाडं, कंपनीने सक्तीने करायला लावलेलं ट्रेनिंग. जळकं ऑईल आम्ही परवानाधारक रिसायकलरलाच देतो, त्याची नोंद ठेवावी लागते. गल्लीतल्या किती गॅरेजमध्ये हे होतं?

थ्रॉटल बॉडीवर कार्बन साचतो, आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं फिरणं) वरखाली होतं, हे खरं आहे. फ्लश आणि ड्रेसिंगचं मात्र मी समर्थन करणार नाही. आम्हाला दर गाडीमागे अमुक इतक्या बिलाचं टार्गेट असतं आणि महिनाअखेरीस त्याचाच हिशोब होतो. फोन करणाऱ्या पोराला चोर म्हणू नका, त्याचा पगार त्यावर अडकलेला असतो.

हडपसर_ते_हिंजवडी
त्या पोरावर राग नाहीच. पण टार्गेट तुमच्या मालकाचं आणि ते भरायचं मी, हे कसं पटवून घेऊ? आयडलिंग बिघडलंय अशी माझी तक्रार होती का? नव्हती.

रत्नागिरीची_गाडी
मी दरवर्षी अधिकृत ठिकाणीच सर्व्हिसिंग करते आणि यापुढेही तिथेच करीन. चौथ्या वर्षी आंबा घाटात स्टीअरिंग अचानक जड झालं. बाजूला दरी, वरून धो धो पाऊस, मागच्या सीटवर सासूबाई. जेमतेम साखरप्यापर्यंत आणली. इलेक्ट्रिक स्टीअरिंगचं युनिट गेलं होतं, खर्च 38,000 सांगितला. एक्स्टेंडेड वॉरंटी होती आणि सगळी सर्व्हिसिंग वेळेवर केल्याची नोंद कंपनीच्या सिस्टीममध्ये होती, म्हणून एक पैसा द्यावा लागला नाही. वर्षाला दोन-तीन हजार जास्त गेले असतील. त्या दिवशी ते सगळे वसूल झाले.

नानापेठेतून_पार्ट
ताई, तुमचा अनुभव खरा, पण बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल, ही भीतीच आमच्या पोटावर पाय आणते. माझं स्वतःचं गॅरेज आहे. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून तोच ओरिजिनल फिल्टर आणतो, त्याच सीलबंद खोक्यातला, खोक्यावर एमआरपी तीच. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला, आधी बऱ्याच भागांवर 28 होता, तो फायदा माझ्या गिऱ्हाइकालाही मिळतो. फरक लेबरमध्ये. याच कामाचे मी 700 घेतो, आणि गाडीचा मालक शेजारी स्टूलवर बसून सगळं बघतो.

आम्ही मागे का, तर सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि स्कॅनर आमच्यापर्यंत येऊच दिले नाहीत. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, ती गोष्ट वेगळी. 2022 च्या डिसेंबरात केंद्राने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारी आहेत. माझ्या दुकानात मात्र अजून नव्या गाडीच्या एका सेन्सरसाठी चार दिवस थांबावं लागतं.

नाशिक_वर्कशॉप
तुमच्यासारखे आहेत, मान्य. पण गेल्या महिन्यात आमच्याकडे एक गाडी आली, तिच्या पुस्तकात 0डब्ल्यू-16 ऑईल लिहिलंय आणि बाहेर कुणीतरी त्याहून बरंच घट्ट 20डब्ल्यू-40 भरलं होतं. मालकाची तक्रार, अ‍ॅव्हरेज पडलं आणि सकाळी इंजिन आवाज करतं. आजकालच्या बऱ्याच इंजिनांना पातळ ऑईलच लागतं. तिथे वाचवलेले हजार रुपये भलतेच महागात पडतात.

डोंबिवली_पूर्व
केबिन फिल्टरबद्दल लिहायचं होतं. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. माझ्या गाडीत बॉक्स रिकामा करून दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे आडवी झडप दिसते, ती काढून फिल्टर बाहेर ओढायचा. पहिल्यांदा मी काढला तेव्हा त्यात बदामाच्या झाडाचा पाचोळा आणि मेलेलं झुरळ होतं. सहा महिन्यांपूर्वीच्या बिलात 'केबिन फिल्टर बदलला' असे पैसे लावलेले होते! तेव्हापासून गाडी देताना फिल्टरच्या कडेला पेनाने तारीख लिहून ठेवते आणि जुने भाग डिकीत ठेवायला सांगते.

रत्नागिरीची_गाडी
हे मात्र मी आजवर कधी केलं नाही. वॉरंटी मिळाली म्हणून बाकी सगळं मी डोळे झाकून सोडून दिलं होतं.

हडपसर_ते_हिंजवडी
काल परत जाऊन मॅनेजरला भेटलो. पुस्तकातलं ते पान समोर ठेवलं आणि ही तीन कामं कुठे आहेत ते दाखवा म्हणालो. वीस मिनिटांनी फ्लश, ड्रेसिंग आणि फवाऱ्याचे मिळून 2,250 परत मिळाले. नसते दिले तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची असं ठरवूनच गेलो होतो. माझ्या मागे रांगेत एक आजोबा होते, हातात त्यांचं बिल. त्यांनी विचारलं, "ते पान कुठल्या पुस्तकात असतं?" त्यांच्या गाडीतलं पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. आम्ही दोघांनी मिळून ते उघडलं.

नाशिक_वर्कशॉप
चांगलं केलंत. पुढच्या वेळी जॉबकार्डावर सही करताना त्याखाली हाताने लिहा : 'लेखी होकाराशिवाय जादा काम नाही.' मग आमच्यातला कुणी फोन केला तरी नाही म्हणायला तुम्हाला अवघड जाणार नाही, आणि ते वाक्य दाखवून आम्हालाही वर सांगता येतं.

नानापेठेतून_पार्ट
आणि वॉरंटी संपली की एकदा आमच्यासारख्याकडेही या. स्टूल ठेवलेलं आहे.