वेबपॅक ५: मोबाईलवर पान आधी उघडंबोडकं दिसतं, मुक्ता फॉन्ट लागत नाही आणि कॅलेंडरची स्टाइल गायब

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या एका भक्तनिवासाची खोल्या बुकिंगची साइट माझ्याकडे आलीये, आधी दुसऱ्या कोणीतरी केलेली. २०२७ च्या सिंहस्थासाठी लोक आत्तापासून चौकशी करायला लागलेत त्यामुळे ती लवकर नीट करून द्यायचीये. मागे पीएचपी आहे, खोल्यांची यादी, दर, तारखा हे सगळं सर्व्हरवरूनच एचटीएमएलमध्ये तयार होऊन येतं, फक्त बुकिंगचा फॉर्म आणि कॅन्सलचा फॉर्म रिअ‍ॅक्टमध्ये आहे. जेएस आणि स्टाइलच्या फाइलींचं बंडल बांधायला वेबपॅक ५, त्यासोबत सीएसएस-लोडर ६, सास (एससीएसएसचं सीएसएस करणारं) आणि पोस्टसीएसएस.

कॉन्फिगमध्ये एससीएसएससाठी एकच रूल आहे, त्यात स्टाइल-लोडर, सीएसएस-लोडर, पोस्टसीएसएस-लोडर, सास-लोडर ह्या क्रमाने, डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन दोन्हीला तेच. फॉन्टसाठी फाइल-लोडर. एंट्रीमध्ये जेएसच्या फाइलसोबत मेन.एससीएसएस पण दिलेली आहे. पॅकेज.जेसनमध्ये साइडइफेक्ट्स: फॉल्स लिहिलंय. आउटपुटला पब्लिकपाथ (फाइलींच्या पत्त्याच्या आधी लागणारा भाग) रिकामी स्ट्रिंग.

आता होतंय काय, की साध्या मोबाईलवर पान उघडलं की खोल्यांची यादी आधी नुसती पांढऱ्यावर काळी, निळ्या लिंका वगैरे अशी दिसते आणि मग एकदम स्टाइल लागते, मधे एक-दोन सेकंद जातात. दुसरं म्हणजे मुक्ता फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित लागतो पण कुठल्याच मोबाईलवर लागत नाही, आणि नेटवर्क टॅबमध्ये बघितलं तर फॉन्टला २०० (फाइल मिळाली) येतंय, ४०४ (सापडली नाही) नाही! तिसरं, तारीख निवडायच्या कॅलेंडरची स्टाइल बिल्डमध्ये कुठेच नाही, ती कॅलेंडर.एससीएसएस कंपोनंटमध्ये इम्पोर्ट केलेली आहे. जुनी ट्युटोरियल्स बघितली, त्यात एक्स्ट्रॅक्ट-टेक्स्ट-प्लगिन टाका म्हणतात, ते टाकू का?

सिडको_फ्रंटएंड

भाऊ एक्स्ट्रॅक्ट-टेक्स्ट-प्लगिन अजिबात टाकू नका, वेबपॅक ४ पासूनच सीएसएससाठी त्याच्याजागी मिनी-सीएसएस-एक्स्ट्रॅक्ट-प्लगिन आलंय. ते वापरा.

पण आधी स्टाइल उशिरा का लागते ते बघा, कारण ते कळलं की बाकीचं कॉन्फिग आपोआप कळतं. लोडर म्हणजे बिल्डमध्ये फाइलीवर एकेक काम करणारे, ते उजवीकडून डावीकडे चालतात, म्हणजे लिस्टमध्ये जो शेवटी तो पहिला. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कसं, खराब मणी काढणारे, वजनवाले, पनेट भरणारे, प्रत्येकाच्या हातात मागच्याने दिलेला माल येतो, इथेही तसंच. सास-लोडर एससीएसएस घेतो आणि साधं सीएसएस देतो. पोस्टसीएसएस ते घेऊन जुन्या ब्राउझरसाठीचे प्रीफिक्स वगैरे लावून परत सीएसएसच देतो. मग सीएसएस-लोडर त्यातले ॲट-इम्पोर्ट आणि यूआरएल शोधतो आणि ह्या सगळ्याचं *जावास्क्रिप्ट मॉड्यूल* करतो. इथे लक्ष द्या, ह्या पायरीनंतर तुमची स्टाइल ही जेएसमधली एक स्ट्रिंग झालेली असते. स्टाइल-लोडर ती स्ट्रिंग ब्राउझरमध्ये जेएस चालल्यावर स्टाइल टॅग बनवून हेडमध्ये टाकतो.

म्हणजे तुमचं एचटीएमएल पीएचपीकडून लगेच आलं, ब्राउझरने ते रंगवलं सुद्धा, आणि स्टाइल बसलीये बंडलच्या पोटात. बंडल पूर्ण उतरणार, पार्स होणार, चालणार आणि मग स्टाइल. तुमच्या घरच्या वायफायवर हे डोळ्याला दिसणार नाही, पण पर्वणीच्या गर्दीत रामकुंडाजवळ उभा राहून कोणी खोली शोधत असेल तर त्याला ते नक्की दिसणार आणि त्याला वाटणार साइट बंद पडलीये.

मिनी-सीएसएस-एक्स्ट्रॅक्ट तीच स्टाइल बिल्डच्या वेळीच बाहेर काढून वेगळी .सीएसएस फाइल करतो. तिची लिंक पीएचपीच्या हेडमध्ये टाकली की ब्राउझर ती फाइल येईपर्यंत पान रंगवत नाही आणि जेएस बंडलच्या आधीच ती उतरायला लागते. त्यामुळे मोड बघून ठरवा, डेव्हलपमेंटला स्टाइल-लोडर राहू द्या कारण तिथे तो बदल पटकन दाखवतो, आणि प्रॉडक्शनला त्याच जागी मिनी-सीएसएस-एक्स्ट्रॅक्टचा लोडर. *त्याच जागी*, दोन्ही एका रूलमध्ये एकत्र नाही. शिवाय प्लगिन्सच्या ॲरेत प्लगिन सुद्धा द्यावं लागतं, नुसता लोडर टाकून भागत नाही.

फाइलच्या नावात कंटेंटहॅश (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा कोड) घाला म्हणजे सीएसएस बदललं तरच नाव बदलेल. तुमचं हेड पीएचपी लिहितंय म्हणजे हॅशवालं नाव त्याला कळायला पाहिजे, त्यासाठी वेबपॅक-मॅनिफेस्ट-प्लगिनने मॅनिफेस्ट.जेसन (मूळ नाव आणि हॅशवालं नाव ह्यांची यादी) तयार करा आणि पीएचपीतून ते वाचून लिंक छापा.

देवळाली_डेव्ह

एवढं करण्यापेक्षा व्हीटवर (वेबपॅकसारखंच दुसरं टूल) जा ना दादा. सास इन्स्टॉल केलं की एससीएसएस चालतं, लोडर वगैरे काही लिहायचं नाही, बिल्डमध्ये सीएसएस वेगळं निघतंच, फाइलच्या नावात .मॉड्यूल असलं की सीएसएस मॉड्यूल्स (क्लासची नावं त्या फाइलीपुरतीच ठेवायची सोय) पण आपोआप. मी नवीन कामाला वेबपॅक घेतच नाही आता.

ओझरची

@देवळाली_डेव्ह नवीन कामाला मी पण व्हीटच घेते, पण हा चालू धंदा आहे. दुसऱ्याने लिहिलेली साइट, सीझन तोंडावर, अशा वेळी बंडलरच बदलायचा म्हणजे तीन ओळींच्या दुरुस्तीसाठी अख्खं बिल्ड नव्याने तपासत बसायचं. हे वेबपॅकमध्येच सुटतंय.

@पंचवटीकर फॉन्टचं मला जवळजवळ खात्रीने कळलंय. तुम्ही तयार बिल्डचा डिस्ट फोल्डर उघडा आणि त्यातल्या वॉफ२ (फॉन्टच्या) फाइलींचे साइज बघा. मला वाटतं मुक्ताच्या एकाच वजनाच्या तुम्हाला दोन फाइली दिसतील, एक व्यवस्थित केबीमध्ये आणि एक जेमतेम शंभर बाइटच्या आसपास. ती छोटी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत फॉन्ट नसेल, एक्स्पोर्ट डिफॉल्ट असं लिहिलेली जावास्क्रिप्टची एक ओळ असेल! तुमचं सीएसएस त्या छोट्या फाइलकडे बोट दाखवतंय. फाइल जागेवर आहे म्हणून २०० येतं, पण ब्राउझरला ती फॉन्ट म्हणून वाचता येत नाही. कन्सोलमध्ये फॉन्ट डीकोड झाला नाही अशी वॉर्निंगही असणार.

असं का, तर वेबपॅक ५ मध्ये फाइली हाताळायची सोय आतच आली, असेट मॉड्यूल्स म्हणतात त्याला, आणि सीएसएस-लोडर ६ पासून यूआरएल थेट त्यांच्याकडे देतो. तुमच्याकडे जुना फाइल-लोडर पण आहे. म्हणजे फाइल-लोडरने खरा फॉन्ट बाजूला ठेवून त्याच्या पत्त्याची जेएस ओळ दिली आणि असेट मॉड्यूलने ती ओळच फॉन्ट समजून फाइलीत लिहिली. फाइल-लोडर काढून टाका, त्या रूलला टाइप: असेट/रिसोर्स द्या, बस. लोडर काहीच लागत नाही. नुसतं टाइप: असेट दिलं तर साधारण ८ केबीच्या आतल्या फाइली सीएसएसमध्येच बेस६४ (मजकुराच्या रूपात) होऊन बसतात, छोट्या आयकॉनला ते चालतं पण फॉन्टला रिसोर्सच ठेवा.

आणि तुमच्या लॅपटॉपवर दिसतो त्याचं कारण: फॉन्ट-फेसमध्ये यूआरएलच्या आधी लोकल('मुक्ता') लिहिलेलं असणार आणि तुमच्या मशीनवर मुक्ता इन्स्टॉल असणार. मराठी साइटची कामं करणाऱ्या प्रत्येकाकडे तो असतोच. तपासताना ते लोकल काढून टाका नाहीतर खरं चित्र दिसणारच नाही. मुक्ताला ओपन फॉन्ट लायसन्स आहे त्यामुळे आपल्या सर्व्हरवर ठेवायला काही अडचण नाही. फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप पण घाला म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मोबाईलच्या आपल्या देवनागरीत दर तरी वाचता येतील, खोली शोधणाऱ्याला दर महत्त्वाचा.

पंचवटीकर

ताई अगदी बरोबर! दोन फाइली होत्या आणि छोटीत तीच ओळ. लोकल पण लिहिलेलं होतं. असेट/रिसोर्स केलं, मिनी-सीएसएस-एक्स्ट्रॅक्ट पण लावलं, मॅनिफेस्टमधून लिंक येतेय, पान आता पहिल्यापासून स्टाइलसकट उघडतंय, संस्थेच्या काकांना त्यांच्याच फोनवर दाखवलं, खूश झाले. फॉन्टची फाइल पण आता एकच आणि खरी आहे.

पण फॉन्टला आता ४०४ येतंय. पत्ता सीएसएस/फॉन्ट्स/मुक्ता असा मागतोय आणि फाइल आहे फॉन्ट्स/मुक्ता इथे. साइट डोमेनखाली बुकिंग नावाच्या फोल्डरमध्ये आहे, त्याचा संबंध आहे का? कॅलेंडर अजून तसंच.

सिडको_फ्रंटएंड

४०४ चं कारण पब्लिकपाथची ती रिकामी स्ट्रिंग. आधी स्टाइल टॅग पानातच होता त्यामुळे फॉन्ट्स/मुक्ता हा पत्ता पानापासून मोजला जायचा आणि बरोबर जागी जायचा. आता सीएसएस वेगळ्या फाइलीत, ती फाइल सीएसएस नावाच्या फोल्डरमध्ये, आणि सीएसएसमधले पत्ते ब्राउझर त्या सीएसएस फाइलीपासून मोजतो. म्हणून मधे एक सीएसएस जास्तीचं आलं. आउटपुटमधली ती पब्लिकपाथची ओळच काढून टाका, वेबपॅक ५ चा डिफॉल्ट ऑटो आहे आणि मिनी-सीएसएस-एक्स्ट्रॅक्ट त्यावरून रिलेटिव्ह पत्ता स्वतः काढतो. नाहीतर लोडरच्या ऑप्शन्समध्ये पब्लिकपाथ म्हणून दोन टिंबं आणि स्लॅश द्या, एक फोल्डर वर. फक्त स्लॅश देऊ नका, तुमची साइट बुकिंग फोल्डरमध्ये आहे म्हटल्यावर तो डोमेनच्या मुळाशी जाईल आणि परत ४०४.

ओझरची

कॅलेंडरचं साइडइफेक्ट्स: फॉल्सवर आहे. ह्या फ्लॅगने तुम्ही वेबपॅकला सांगताय की माझ्या कुठल्याही फाइलीतून काही वापरलं गेलं नाही तर ती फाइल खुशाल टाकून दे. आणि इम्पोर्ट './कॅलेंडर.एससीएसएस' ह्या ओळीतून तुम्ही कुठलंच नाव घेत नाही, नुसती फाइल ओढता. वेबपॅकच्या हिशोबाने ती बिनकामाची, म्हणून प्रॉडक्शन बिल्डमध्ये गळते. मेन.एससीएसएस एंट्रीतच दिलेली आहे म्हणून ती वाचली. फॉल्सच्या जागी ॲरे द्या, त्यात स्टार.सीएसएस आणि स्टार.एससीएसएस. फ्लॅग पूर्ण काढू नका, जेएसला त्याचा फायदा होतो.

अजून एक बघून घ्या, सीएसएस-लोडरला इम्पोर्टलोडर्स: २ दिलंय का. नसेल तर साध्या सीएसएसमधल्या ॲट-इम्पोर्टने आत आलेल्या फाइलींवर पोस्टसीएसएस चालतच नाही, प्रीफिक्स अर्ध्या फाइलींना लागतात आणि जुन्या आयफोनवरच काहीतरी तुटतं, शोधताना जीव जातो. २ म्हणजे सीएसएस-लोडरच्या आधी चालणारे दोन लोडर.

पंचवटीकर

ॲरे दिल्यावर कॅलेंडर आलं, पण आता बिल्ड करताना कॉन्फ्लिक्टिंग ऑर्डर म्हणून पिवळी वॉर्निंग यायला लागली.

देवळाली_डेव्ह

ऑर्डरच्या वॉर्निंगला प्लगिनमध्ये इग्नोरऑर्डर: ट्रू टाका, जाते.

सिडको_फ्रंटएंड

वॉर्निंग जाते, अडचण तिथेच राहते. ती वॉर्निंग काय सांगतेय ते नीट वाचा, त्यात दोन फाइलींची नावं असतात. तुमच्याकडे बहुतेक बुकिंगच्या फॉर्ममध्ये आधी फील्ड.एससीएसएस मग कॅलेंडर.एससीएसएस इम्पोर्ट असेल आणि कॅन्सलच्या फॉर्ममध्ये उलटं. दोन्ही फॉर्म एकाच चंकमध्ये (बिल्डच्या एकाच तुकड्यात), म्हणजे सीएसएसची फाइल एकच, तिच्यात कोणाला वर लिहायचं? दोघांचं एकदम पाळता येत नाही म्हणून प्लगिन आपल्या मनाने एक क्रम घेतो आणि तुम्हाला कळवतो. सीएसएसमध्ये दोन नियमांचा जोर सारखा असला की खाली लिहिलेलं जिंकतं, त्यामुळे आज बटण बरोबर दिसेल आणि उद्या कोणी तिसऱ्या फाइलीत एक इम्पोर्ट वाढवला की त्याच बटणाचा रंग बदलेल, आणि ज्याने इम्पोर्ट वाढवला त्याने बटणाला हातही लावलेला नसेल. सगळ्या स्टाइली सीएसएस मॉड्यूल्समध्ये असतील, एकमेकींचे क्लास ओव्हरराइड करत नसतील, तरच इग्नोरऑर्डर बिनधास्त टाका. तुमच्या तशा नाहीत.

तुम्ही दोन्ही फॉर्ममध्ये एकच क्रम ठेवा, आधी फील्ड मग कॅलेंडर. त्याहून बरं म्हणजे फील्ड.एससीएसएस ही सगळीकडे लागणारी स्टाइल आहे, ती मेन.एससीएसएसमध्येच घ्या आणि फॉर्ममधून तिचा इम्पोर्ट काढा. मेन एंट्रीत आहे, तिला जेएसच्या फाइलीच्या *आधी* लिहा, म्हणजे ती कायम वर राहील आणि कंपोनंटच्या स्टाइली खाली.

आणि हे करता करता सीएसएस मिनिफाय (मोकळ्या जागा वगैरे काढून लहान) करायला सीएसएस-मिनिमायझर-वेबपॅक-प्लगिन घ्याल तर ऑप्टिमायझेशनच्या मिनिमायझर ॲरेत पहिली तीन टिंबांची स्ट्रिंग टाका. ती नाही टाकली तर वेबपॅकचा स्वतःचा टर्सर (जेएस मिनिफाय करणारा) त्या यादीतून निघून जातो आणि जेएस मिनिफायच होत नाही, बंडल अचानक फुगतं.

पंचवटीकर

झालं सगळं. कॅलेंडर आलं, वॉर्निंग गेली, फॉन्ट मोबाईलवर लागतोय, इम्पोर्टलोडर्स नव्हतंच ते पण टाकलं. एक शेवटचं, एनपीएम आउटडेटेड दाखवतंय की सीएसएस-लोडर ७ आलाय, आत्ताच करून घेऊ का अपडेट?

ओझरची

तुमच्या कोडमध्ये इम्पोर्ट स्टाइल्स फ्रॉम अशा ओळी शोधा. असतील तर २०२४ मध्ये आलेल्या ७ ने त्या तुटतात, कारण सीएसएस मॉड्यूल्समध्ये नेम्डएक्स्पोर्ट आता डिफॉल्टने ट्रू आहे, डिफॉल्ट एक्स्पोर्ट मिळत नाही. एकतर सगळीकडे इम्पोर्ट स्टार ॲज स्टाइल्स करा, नाहीतर मॉड्यूल्सच्या ऑप्शनमध्ये नेम्डएक्स्पोर्ट: फॉल्स आणि एक्स्पोर्टलोकल्सकन्व्हेन्शन: 'ॲज-इज' द्या, मग ६ सारखंच चालतं. नुसती एससीएसएस असेल, मॉड्यूल्स नसतील, तर बिनधास्त करा. पण वेगळ्या कमिटमध्ये, आजच्या बदलांसोबत नको.