सहाशेवर ठाम राहायचं?

चाफा
परवा पालकांच्या एका गटात कुणीतरी लिहिलं: "केअरटेकर मावश्यांनी बारा तासांचे 900 मागायला सुरुवात केली आहे. निम्मा वेळ पेशंट झोपलेला आणि या मोबाईलवर. सगळ्या घरांनी मिळून 600 वर ठाम राहिलं तर आपोआप ताळ्यावर येतील." खाली अंगठ्यांची रांग. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा भाऊ 2011 पासून अंथरुणाला आहे. मोटरसायकलचा अपघात, मानेतला मणका गेला. खांद्याखाली त्याला काही कळत नाही. सकाळी सातला मामा, म्हणजे त्याला सांभाळणारे केअरटेकर, येतात. आधी युरीन बॅग रिकामी करून किती एमएल ते वहीत लिहितात. मग हातमोजे घालून पोट साफ करणं, त्यातच पाऊण तास जातो. मग अंग पुसणं. पुसताना टाचा, घोटे आणि माकडहाडाजवळची कातडी बोटानं दाबून बघतात. लाल डाग दाबल्यावर पांढरा पडला तर ठीक, लालच राहिला तर तिथे जखम सुरू होतेय. दर दोन तासांनी कूस बदलायची. दुपारी 68 किलोचा माणूस पलंगावरून खुर्चीत, तोही त्याच्या मानेला हिसका न बसता.

2019 मध्ये आम्हीही स्वस्तातला माणूस ठेवला होता, 450 रुपयांत. अकरा दिवसांत माकडहाडावर जखम झाली. ती भरायला सात महिने गेले. त्या मुलाला मी दोष देत नाही, आदल्या आठवड्यापर्यंत तो मंगल कार्यालयात वाढपी होता. आम्हीच कमी पैशात माणूस हवा म्हणालो होतो.

600 भागिले 12 म्हणजे तासाला 50 रुपये. माझ्या भावाची कातडी शाबूत ठेवण्याचे.

डोंबिवलीकर
ते मीच लिहिलं होतं. आता माझंही ऐका.

मुलगी 23 वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी. बोलता येत नाही, उभं राहता येत नाही. पत्नीला मणक्याचा त्रास, उचलणं बंद केलंय डॉक्टरांनी. मला पेन्शन 34,000. तुमच्या 900 नं महिन्याचे होतात 27,000, फक्त दिवसपाळीचे. उरलेल्या सात हजारांत डायपर, फिट्सची औषधं, फिजिओ, वीज आणि आम्ही तिघं. रात्री मीच उठतो. 66 वर्षांचा आहे.

संजय गांधी योजनेचं कुणी सांगायच्या आत सांगतो. दिव्यांगांचं महिन्याचं अनुदान 1,500 वरून 2,500 झालं, पण उत्पन्नाची अट वर्षाला 50,000 ची. मी बसत नाही. आयकरात तीव्र दिव्यांगत्वाला 1,25,000 ची वजावट आहे, ती जुन्या करपद्धतीत. माझ्या उत्पन्नाला मुळात करच फारसा लागत नाही, तर वजावट कशातून घेऊ?

मावशींबद्दल मला राग नाही. पण मी कुठून आणू ते सांगा. शिवाय दोन वेळचं जेवण आणि दोन चहा आमचेच, ते कुणी हिशेबात धरत नाही.

स्वप्नजा
काका, तुमची अडचण खरी आहे, पण राग चुकीच्या माणसावर निघतोय. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचं बोला ना! आम्ही सासूबाईंसाठी 900 देत होतो. मावशींना एकदा सरळ विचारलं, हातात किती पडतात? 650. रोजचे अडीचशे ब्युरोचे, वर सुरुवातीला आमच्याकडून नोंदणीचे 3,000 वेगळे. आणि दर दीड-दोन महिन्यांनी माणूस बदलायचा. का, तर घराशी ओळख झाली की थेट ठरवतील म्हणून. सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता. नवा चेहरा दिसला की तीन दिवस जेवायच्या नाहीत. एका मावशींनी थेट यायची तयारी दाखवली, तर ब्युरोवाल्यानं त्यांचं आधार कार्डच परत दिलं नाही. महिनाभर! या ब्युरोंना नोंदणी नाही, तपासणी नाही, प्रशिक्षणाच्या नावानं एक ॲप्रन देतात.

उंबरठा
ब्युरो हा वेगळा विषय आहे, त्यात मूळ प्रश्न वाहून जाऊ देऊ नका.

डोंबिवलीकर, हे काम अकुशल आहे हे आपण धरूनच चाललोय. हरियाणातल्या एका अपघातग्रस्त मुलीच्या भरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये दिला. तिला चोवीस तास मदत लागणार होती. न्यायालयानं मदतनीसाचा खर्च धरताना समोर ठेवला होता हरियाणातला कुशल कामगाराच्या वेतनाचा 2010 चा दर, 4,846 रुपये. त्यावरून एका मदतनीसाचे महिना 5,000 धरले, आणि एक नाही, दोन मदतनीस धरले. मलमूत्रावर ताबा नसलेल्या मुलीला सांभाळणारी, तिला अंथरुणाची जखम होऊ न देणारी व्यक्ती हवी, असं निकालात लिहिलं आहे. म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय याला कुशल कामाचा दर धरतं आणि आपण म्हणतो मोबाईल बघतात.

डोंबिवलीकर
मग तोच दर लावा! 5,000 महिना. मी तर 600 रोज म्हणतोय, म्हणजे 18,000.

उंबरठा
2010 च्या दरावर काढलेला आकडा आज लावायचा? तुमची पेन्शन 2010 च्या महागाई भत्त्यावर घ्याल का?

चाकांवरचा
दोन दिवस वाचतोय. सगळे आमच्याविषयी बोलताय, जसं काही आम्ही खोलीत नाही.

मी पेशंट नाही. 41 वर्षांचा आहे, बँकेत नोकरी करतो, स्नायूंचा आजार आहे. बोलून टाइप करतोय, चुका झाल्या असतील. माझा मदतनीस दादा सकाळी सहाला येतो म्हणून मी साडेनवाला काउंटरवर असतो. गेल्या पावसाळ्यात लोकल बंद पडल्या, तो पोचला दहाला. चार तास मी कुशीवर, एक हात अंगाखाली दबलेला, लघवी तुंबलेली. फोन उशीजवळ वाजत होता, उचलता येत नव्हता. त्या दिवशी मला कळलं की माझं आयुष्य कोणाच्या हातात आहे.

त्याला मी 26 दिवसांचे 24,000 देतो, माझ्या पगाराचा निम्म्याहून जास्त भाग. महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी. दिवाळीला एक पगार. परवडत नाही. तरी देतो, कारण तो दमलेला, उपाशी, घरी मूल आजारी असताना खाडा पडेल म्हणून आलेला असेल तर मला उचलताना त्याचा हात थरथरतो. ती थरथर मला पाठीत कळते.

काका, तुमची मुलगी बोलू शकत नाही. तिला मावशींचे हात कसे लागतात, ते तुम्ही तिला विचारलंय का कधी? डोळ्यांनी सांगते ती, तुम्हाला माहीत असेल.

डोंबिवलीकर
माझ्या मुलीला काय कळतं ते मला शिकवू नका. 23 वर्षं मी तिच्या डोळ्यांकडेच बघतोय.

चाकांवरचा
लागेल असं बोललो. माफ करा. पण मुद्दा सोडत नाही.

गोटेनबर्गहून
इथे स्वीडनमध्ये 1994 पासून कायदा आहे. मूलभूत गरजांसाठी आठवड्याला 20 तासांहून जास्त मदत लागत असेल तर मदतनीसांचा खर्च सरकारी सामाजिक विमा देतो, त्याहून कमी असेल तर नगरपालिका. मदतनीस कोण, हे दिव्यांग व्यक्ती स्वतः ठरवते. माझ्या शेजारणीकडे पाळीपाळीनं पाच जण येतात, सगळ्यांना पगारी रजा. इथेही मधल्या काही वर्षांत निकष कडक झाले, लोक भांडताहेत. पण भांडण सरकारशी आहे, मदतनीसाशी नाही.

स्वप्नजा
ताई, स्वीडनचं ऐकून आमच्या सोमवारच्या ड्युटीला कोण येणार आहे?

उंबरठा
नाही, त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडेही तरतूद आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 24: जास्त आधाराची गरज असलेल्यांना काळजीवाहक भत्ता. फक्त त्या कलमाच्या तोंडाशीच "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" असे शब्द आहेत, आणि सगळं त्यातच अडकतं. केरळात आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकाला कित्येक वर्षं महिना 600 रुपये मिळत आलेत. महिना, रोज नाही. तेवढंही आपल्याकडे कुणी मागताना दिसत नाही. काका, तुमच्या 34,000 वर हा भार यायलाच नको होता, हे मला पूर्ण मान्य आहे. पण सरकारनं टाकलेला भार तुम्ही उचलून मावशींच्या डोक्यावर ठेवताय, हे मान्य नाही. आपल्याकडे 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी आणि कल्याण आहे, पगाराचा दर नाही. म्हणजे त्यांच्या बाजूनं बोलायला कुणीच नाही.

आणि एक विचारते, जेवणाचं तुम्हीच काढलंत म्हणून. मावशी कुठे बसून जेवतात? कुठल्या ताटात?

डोंबिवलीकर
याचा पगाराशी काय संबंध? स्वयंपाकघरात जेवतात. ताट त्यांचं वेगळं आहे, स्वच्छतेसाठी. दिवसभर डायपर हाताळतात.

उंबरठा
डायपर तुम्हीही रात्री बदलता. तुमचं ताट वेगळं आहे?

स्वप्नजा
अरे देवा, आता हे काढू नका. आमच्याकडे मावशी डबा आणायच्या, चहाचा कप त्यांचा त्यांचा. त्यांनाच तसं बरं वाटायचं. प्रत्येक गोष्टीत जात आणायची गरज नसते.

उंबरठा
जात हा शब्द मी उच्चारलाही नव्हता. तुम्ही आणलात.

नाशिकची आई
आमच्याकडे सगळे एकत्र जेवतो. पण खरं सांगू? पहिल्या वर्षी नव्हतो जेवत. मोरीजवळच्या फळीवर एक स्टीलची ताटली आणि कानतुटका कप होता. माझ्या ऑटिस्टिक मुलानं एक दिवस ती ताटली उचलून आणली आणि आमच्या ताटांच्या ओळीत मांडली. त्याला सगळं एका ओळीत लागतं. तेव्हापासून तशीच.

सातारी
मी कधी लिहीत नाही. माझी आई हे काम 14 वर्षं करतेय. कोरेगाव तालुक्यातून पुण्याला आली, वडील गेल्यावर. चोवीस तासांच्या ड्युट्या करून तिनं माझा डिप्लोमा पूर्ण करवला.

ताटाचं म्हणाल तर, एका घरी ती ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनवर ताट ठेवून उभ्यानं जेवायची. बसायला जागा नव्हती तिथे. त्या घरच्या आजी तिच्या हातानं भरवल्याशिवाय घास गिळत नव्हत्या. तिच्या हातचं चालायचं, तिनं जेवलेलं ताट चालायचं नाही. स्वप्नजाताई, माझी आईही त्या घरी म्हणायची, मला असंच बरं वाटतं. दुसरं काय म्हणणार? बदली माणूस दुसऱ्या दिवशी हजर असतो.

मोबाईलचंही सांगतो. रात्रीच्या ड्युटीला ती मोबाईलमध्ये दर दोन तासांचा गजर लावून ठेवते, कूस बदलायला. आणि मधे बघते ते माझे मेसेज. दहावीच्या वर्षी माझ्याशी तिचं बोलणं तेवढंच व्हायचं.

आता तिचा उजवा खांदा गेलाय. 52 वय. डॉक्टर म्हणाले वजन उचलायचं नाही. पीएफ नाही, विमा नाही. ज्यांना तिनं उचललं त्यांच्यापैकी एका घरानं फोन केला, बाकी कुणी नाही. तुम्ही 600 का 900 ते ठरवा, पण त्यात खांद्याचे किती ते पण धरा.

स्वप्नजा
आमच्या मावशींनाही तसंच वाटत असेल, हे मला सुचलं नव्हतं. सासूबाई गेल्या, आता विचारायलाही जाता येत नाही. पण ब्युरोबद्दल मी म्हणाले ते एकही अक्षर मागे घेत नाही.

चाफा
सातारी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आमचे मामा 58 चे आहेत, गुडघे धरलेत, आणि त्यांच्या पुढचं आम्ही घरात कधी बोललो नाही. आज भावाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, उचलायचं मशीन घेऊ, कापडी झोळीत बसवून हायड्रॉलिकनं उचलणारं. आम्ही आजवर ते खोलीत मावत नाही म्हणून टाळत होतो. कपाट काढलं की मावतंय.

काका, तुम्हाला मी पहिल्या लेखात फार तोडून बोलले. 34,000 चा हिशेब मला माहीत नव्हता. तरीही "सगळ्यांनी मिळून" हे शब्द काढा. एकट्याला परवडत नाही हे सांगणं वेगळं, आणि शंभर घरांनी मिळून एका बाईला कोंडीत धरणं वेगळं.

डोंबिवलीकर
गटातली ती ओळ काढली. बाकीचं तसंच ठेवलंय, कारण ते खरं आहे. 900 मला जमणार नाही, कुणी कितीही कायदे सांगा. काल मावशींशी बसून बोललो. बाराऐवजी आठ तास, सकाळी आठ ते चार, 650 रुपये. रविवारी सुट्टी, पगार न कापता. चारनंतर मी आणि पत्नी. उचलायचं तेवढं चारच्या आत उरकायचं. त्यांना दुसरं अर्ध्या दिवसाचं काम धरता येईल म्हणाल्या. तासाला 81 रुपये होतात, मोजून बघा. माझं उत्पन्न वाढलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या. भत्त्यासाठी कलम 24 चा अर्ज करणार आहे, उंबरठा यांनी मसुदा पाठवावा, नुसतं कलम सांगून थांबू नये.

ताटाबद्दल मला कुणी शिकवायची गरज नाही. पत्नीनं परवाच बदललं. तिनं सातारीचं वाचलं होतं.

उंबरठा
मसुदा रविवारपर्यंत पाठवते. सोबत मुलीच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत लागेल.

नाशिकची आई
विषयाला सोडून आहे, पण पंचवटीच्या बाजूला रात्रपाळीसाठी कुणी मावशी माहितीत असतील तर कळवा. ब्युरो नको. मुलगा 17 चा, उंच आहे, रात्री उठून फिरतो, त्यामुळे झोप मिळणार नाही हे आधीच सांगते. 900 देईन. रात्रीचं जेवण आमच्याबरोबर.