लॅपटॉप ही म्हणे नुसती सवय! मग एकदा गणपतीत गावी बसून प्रॉडक्शन सांभाळून दाखवा

रात्रपाळी:
काल 'स्टायलस' यांनी लिहिलं की त्यांनी लॅपटॉप विकून टाकला, वर्षभर घरून आयटीचं सगळं काम टॅबवर चाललंय, आणि "लॅपटॉप ही गरज नाही, सवय आहे." तिथे प्रतिसाद द्यायला बसलो तो इतका वाढला की वेगळा धागा काढतोय.

ते शेवटचं वाक्य डोक्यात गेलं, कारण गेल्या गणपतीत मीही त्याच भ्रमात होतो. देवगडला जायचं, तिकीट शेवटपर्यंत वेटिंगवर, मग बस. पाठीवरचा बोजा कमी म्हणून लॅपटॉप पुण्यातच ठेवला आणि आयपॅड घेऊन निघालो. सर्व्हर अडला तर धावायची पाळी (ऑन-कॉल) माझी, आणि दुसऱ्याच रात्री पावणेदोनला प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सर्व्हरचा अलर्ट. माजघरात ओळीने माणसं झोपलेली, रेंज फक्त पडवीत, तीही उजव्या खांबाला टेकून बसलं तरच. डिस्क भरली होती. सर्व्हरवर शिरलो, जुन्या नोंदी दुसऱ्या टेबलात हलवणारी स्क्रिप्ट सुरू केली. तेवढ्यात टीम्सवर (ऑफिसच्या चॅटवर) हाका आल्या म्हणून तिकडे गेलो. चार-पाच मिनिटांनी परत येतो तर सेशन मेलेलं. मागे पडलेल्या ॲपला आयपॅडओएस झोपवून टाकतं, जोडणी तुटते, आणि त्या शेलखालची स्क्रिप्टही हँगअपचा (जोडणी तुटल्याचा) सिग्नल खाऊन मरते. अर्ध्या नोंदी इकडे, अर्ध्या तिकडे. निस्तरेपर्यंत साडेपाच वाजले. आजी फुलं काढायला उठली, मला बघून म्हणाली, "गावाक इलंस तरी ह्यां डबडां सुटना नाय?"

खरं मशीन दुसरीकडे असतं, टॅबवरून आपण नुसते डोकावतो. नेट गेलं की डोकावणं बंद. लॅपटॉपवर नेट नसताना डॉकर चालतो (सर्व्हरसारखं वातावरण आपल्याच मशीनवर), टेस्ट चालतात, कमिट करून ठेवता येतं. आयपॅडवर काय करणार, मोदकाचं चित्र काढणार? आणि ते 'हलकं' प्रकरण. १३ इंची आयपॅड प्रो ५७९ ग्रॅम, कबूल. ॲपलचाच मॅजिक कीबोर्ड लावा आणि मग काट्यावर ठेवा, सव्वा किलोच्या घरात जातो. १३ इंची मॅकबुक एअर, म्हणजे अख्खा लॅपटॉप, १.२४ किलो आहे.

स्टायलस:
माझ्या नावाने धागा काढलाच आहे तर ऐका. टीमक्स का नव्हतं? ते असलं की जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं. लॅपटॉपचं झाकण पडलं असतं किंवा रेंज गेली असती तरी हेच झालं असतं. छत्री न उघडता भिजायचं आणि वर पावसाला शिव्या द्यायच्या!

माझं डेव्हलपमेंट क्लाउडवर, एडिटर ब्राउझरमध्ये, सर्व्हरसाठी मोश, म्हणजे रेंज गेली-आली तरी जोडणी टिकते. मार्च २०२० च्या अपडेटमध्ये ट्रॅकपॅड नीट चालायला लागला, त्याआधी हे बोललो असतो तर मीच मला वेड्यात काढलं असतं. आता गुरुवारी लाईट गेली की सोसायटीतले सगळे इन्व्हर्टरकडे डोळे लावून बसतात. मी २०,००० एमएएचच्या पॉवरबँकेवर टॅब एकदा पूर्ण भरतो, तरी थोडी उरते.

रात्रपाळी:
टीमक्स नव्हतं, मान्य. जंप सर्व्हरवर (आतल्या सर्व्हरकडे जायचं मधलं दार) आम्हाला काही टाकू देत नाहीत, सहा महिने मागणीचं तिकीट उघडं आहे. मोशला यूडीपीचे ६०००० च्या वरचे पोर्ट (नेटवर्कची दारं) उघडे लागतात, ते मागितले तेव्हा सिक्युरिटीवाल्याने माझ्याकडे मी त्याची किडनी मागितल्यासारखं पाहिलं. तुमचा क्लाउड तुमच्या मालकीचा असेल. आमचा बँकेचा आहे.

जुना_खांब:
नोहप असतं की, हँगअप आला तरी स्क्रिप्ट मरू न देणारी कमांड. ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

रात्रपाळी:
पावणेदोनला आठवलं नाही. झालं समाधान?

कोलन_डब्ल्यूक्यू:
वजन, डॉकर सगळं राहू द्या. २०२४ पर्यंत आयपॅड प्रोच्या मॅजिक कीबोर्डला एस्केप कीच नव्हती! इतके पैसे घेऊन! विम एडिटर वापरणाऱ्याने एस्केपशिवाय इन्सर्ट (टायपिंगच्या) मोडमधून बाहेर कसं यायचं, नवस बोलून?

स्टायलस:
कॅप्सलॉकला एस्केप करता येतं, सेटिंगमध्ये आहे.

कोलन_डब्ल्यूक्यू:
कॅप्सलॉकला मी कंट्रोल करून ठेवलंय. वीस वर्षांची बोटं आहेत ही.

टर्मक्सप्रेमी:
सगळे आयपॅडवरच का अडलेत? अँड्रॉइड टॅब घ्या, टर्मक्स टाका, लिनक्सच्या कमांड चालवणारं ॲप (प्लेस्टोअरवरचं नको, एफ-ड्रॉइड या दुसऱ्या ॲप स्टोअरवरून घ्या). पायथन, गिट, एसएसएच सगळं टॅबवरच. सॅमसंगच्या ज्या टॅबला डेक्स (कॉम्प्युटरसारखा स्क्रीन) आहे त्यावर ते लावा, मॉनिटर जोडता येत असेल तर जोडा. निम्म्या पैशात.

जुना_खांब:
आणि अँड्रॉइड १२ पासून ३२ च्या वर प्रोसेस झाल्या की सिस्टिम मारून टाकते, ते सांगा ना. बिल्ड ऐंशी टक्क्यांवर आणि 'सिग्नल ९'.

टर्मक्सप्रेमी:
एडीबीने, म्हणजे अँड्रॉइडला आतून कमांड देणाऱ्या साधनाने, ती मर्यादा काढता येते.

जुना_खांब:
एडीबीसाठी काय लागतं? लॅपटॉप!

टर्मक्सप्रेमी:
वायरलेस डीबगिंग नावाची गोष्ट आहे, टॅबवरूनच होतं. वाचत जा जरा.

तिसरी_ब:
घरात टॅब म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, हे कुणीच कसं बोललं नाही? आयपॅडवर घरच्यांसाठी वेगवेगळे युजर करता येत नाहीत. माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे म्हणून मुलगा हात लावत नाही, टॅब मात्र 'आपला'. क्लायंटला डॅशबोर्ड दाखवत होते, वरून मुलाच्या गेमची पट्टी सरकली: "तुमचा डायनासोर भुकेला आहे." क्लायंट हसला. मॅनेजर हसला नाही.

चाकरमानी_नं_२:
मुळात गणपतीत ऑन-कॉल घेतलंच का? टॅब का लॅपटॉप हा प्रश्न त्यानंतरचा.

पेजरवाला:
घेतलं का म्हणजे? रोस्टर असतो. मी नव्वदच्या दशकात कमरेला पेजर लावून आरतीला उभा राहिलोय. वाजला की बाहेर, एसटीडी बूथ शोधायचा. हल्लीच्या पोरांना पडवीत बसून सर्व्हर दिसतो तरी रडगाणं.

चाकरमानी_नं_२:
तुम्ही पळालात म्हणून आम्हीही पळायचं? असला हलका टॅब निघाला म्हणूनच हे झालंय. आधी "गावी आहे, लॅपटॉप नाही" म्हटलं की विषय संपायचा. आता "अरे, टॅब आहे ना तुझ्याकडे?"

पेजरवाला:
सर्व्हर पडला की बँकेचे ग्राहक आरती संपायची वाट बघत नाहीत.

तिसरी_ब:
काका, आमच्या टीममध्ये दिवाळीत दरवर्षी मीच. का, तर "तू पुण्यातच असतेस ना." सासर-माहेर दोन्ही पुण्यात असणं हा गुन्हा आहे का? मागच्या लक्ष्मीपूजनाला एका हातात निरांजन आणि दुसऱ्या हातात फोन. त्या वेळी टॅब असता काय, लॅपटॉप असता काय!

पेजरवाला:
ते चुकीचं आहे. पाळी आलटूनपालटून हवी. माझ्या टीममध्ये तशीच होती.

चाकरमानी_नं_२:
मॅनेजर होतात तर! तरीच.

पेजरवाला:
होतो. आणि गणपतीचे पाचही दिवस स्वतः घ्यायचो, कारण आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. पुढचं बोला.

चाकरमानी_नं_२:
…बरं. असे मॅनेजर असतील तर माझं काही म्हणणं नाही. मला एकही भेटला नाही, एवढंच.

जुना_खांब:
स्टायलस, एक विचारतो. खरंच वर्षभर लॅपटॉपला हात लावला नाहीत?

स्टायलस:
महिनाअखेरीची एक एक्सेल आहे, मॅक्रोवाली. आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. तेवढ्यापुरता बायकोचा घेतो. पंधरा मिनिटं.

कोलन_डब्ल्यूक्यू:
लॅपटॉप विकला! बायकोचा शिल्लक आहे!

स्टायलस:
हसा. माझं म्हणणं नव्वद टक्के कामाबद्दल होतं.

रात्रपाळी:
काल 'सगळं काम' लिहिलं होतंत. नव्वद टक्के म्हणाला असतात तर मी हा धागा काढलाच नसता. कोड रिव्ह्यू, मीटिंगा, लॉग वाचणं यासाठी मीही टॅबच घेतो, ट्रेनमध्ये तर हमखास. यंदा मात्र दोन्ही नेणार. पाठ दुखली तर दुखली.

चाकरमानी_नं_२:
किंवा सुट्टी टाका.

रात्रपाळी:
टाकलीय. मंजूर झाली तर सांगतो. स्टायलस, लाईट गेल्यावर टॅब चालतो हे कळलं, पण तुमचा राउटर कशावर चालतो?

स्टायलस:
छोटा यूपीएस आहे, १२ व्होल्टचा. राउटरपुरता.

रात्रपाळी:
किती वेळ चालतो? आजीच्या घरी रात्री तीन-तीन तास जाते.