शब्दचर्चा: भुंगा ‘आला’ की ‘सापडला’?

पानगळ: एका लेखाचा अनुवाद करतेय. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ॲशची झाडं मारणारा हिरवा किडा, एमराल्ड ॲश बोरर. मी लिहिलं, ‘हा भुंगा २००२ साली अमेरिकेत आला.’ तपासणाऱ्या बाईंनी खाली रेघ मारली: आला नाही, सापडला. त्यांचं बरोबर आहे. हजाराहून जास्त झाडांच्या खोडात दरवर्षी पडणारी वलयं तपासल्यावर कळलं की तो १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच तिथे होता. पण आला, कुणाला न दिसता टिकला, वाढला, या मधल्या अवस्थेला काय म्हणू? ‘प्रस्थापित झाला’ लिहायला हात धजत नाही.

रानवाट: ‘शिरकाव’ आणि ‘बस्तान’. सरळ आहे. शिरकावाचं साल मात्र वलयं देत नाहीत. ती देतात झाड मेल्याचं साल. किडा लागला की झाड लगेच मरत नाही, म्हणून तिथून काही वर्षं मागे जायचं.

शब्दवेडी: मुळात ‘वलय’च का? वलय म्हटलं की मला देवाच्या डोक्यामागचं तेज दिसतं. ‘वाढीची कडी’ म्हणा.

जुना वाचक: वलय म्हणजेच वळं, बोटातलं. शब्द घरचाच आहे. कडी दाराला असते!

शब्दवेडी: साखळीलाही असते. आणि इथे साखळीच तर जुळवायची आहे.

रानवाट: हे मात्र पटलं. नुसती मोजणी करून भागत नाही. आजारी झाड एखाद्या वर्षी वलय धरतच नाही, मग हिशेब चुकतो. म्हणून धडधाकट झाडांतल्या अरुंद-रुंद वलयांचा क्रम शेजारी ठेवून मेलेल्याचा क्रम सरकवत बसवायचा. त्याला मी ‘वलयजुळणी’ म्हणतो.

मातीचा माणूस: ‘भुंगा’वरही माझा आक्षेप आहे. भुंगा म्हणजे भृंग, कमळात अडकणारा. आम्ही शेतात हुमणीचे ‘भुंगेरे’ म्हणतो. शिवाय हा प्रौढ किडा पानंच कुरतडतो. झाडाचा जीव घेते ती सालीखाली नागमोडी पोखरत जाणारी अळी. ‘खोडकिडा’ लिहा.

जुना वाचक: खोडकिडा उसाचा. वाचकाला ऊसच आठवेल.

पानगळ: लेखात पुढे झाडाला भोक पाडून आतली काडी काढायचं अवजार आहे. पोकळ पात्याचं, हाताने फिरवायचं.

सुतारपक्षी: गिरमिट! वडिलांच्या पेटीत होतं, लाकडी मुठीचं. मूठ पिळली की भुसा वळ्या-वळ्यांनी बाहेर यायचा. यात भुशाऐवजी अखंड कांडी निघते, पेन्सिलीएवढी बारीक, आणि तिच्यावर रेघा.

शब्दवेडी: गिरमिट म्हणजे करार ना? गिरमिटिया त्यावरूनच.

सुतारपक्षी: ते ॲग्रिमेंटवरून. हे वेगळं, मला वाटतं गिम्लेटवरून आलं.

जुना वाचक: म्हणजे तेही परकंच. ‘सामता’ का नको?

सुतारपक्षी: सामत्याला दोरी लागते. हे नुसतं हाताने पिळायचं.