मदत हवी आहे: सहा वर्षांनी पुन्हा व्यायाम सुरू करतेय आणि तिसऱ्यांदा आपटलेय (नागपूर)

अंबाझरीकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वय 43, राहणार त्रिमूर्तीनगर, नोकरी बैठी, थायरॉइडची गोळी चालू, बाकी काही नाही (म्हणजे काही तपासलेलं नाही).

2019 पर्यंत मी धावत होते. स्पर्धेत वगैरे नाही, पण आठवड्यातून चारदा अंबाझरी तलावावर, पाच किलोमीटर पस्तीस मिनिटांत आरामात. मग लॉकडाऊन, मग सासूबाईंचं आजारपण, मग मुलाची दहावी. बघता बघता सहा वर्षं गेली. वजन 61 वरून 74. दुसऱ्या मजल्यावर घर आहे. जिना चढत असताना फोन आला, तर आधी श्वास जमवते आणि मग उचलते.

तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा फसला.

पहिला दिवाळीनंतर. माळ्यावर धावण्याच्या बुटांचा डबा होता. 2019 मध्ये घेतले आणि फार तर दहा वेळा घातले, त्यामुळे दिसायला नवे कोरे. खूश होऊन अंबाझरी गाठलं. दहा मिनिटं झाली नसतील, उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि चटाक-चटाक वाजायला लागला. मी रेटून चालत राहिले, तर तो पुढूनही निघून हातात आला. समोरून येणारे एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "ताई, बूट म्हातारे झाले." तळ हातात धरून ऑटोने घरी आले. ऑटोवाल्याने काही विचारलं नाही, पण आरशातून दोनदा पाहिलं.

दुसरा जिम. सवलत होती म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरले (हो, माहीत आहे, लिहू नका). पहिल्याच दिवशी ट्रेनर म्हणाला, "मॅडम, आधी धावत होत्या न, मग तुम्हाला काय!" आणि शंभर स्क्वॅट्स करून घेतले. मीही फुशारकीत केले. दुसऱ्या दिवशी बरी होते, तिसऱ्या दिवशी कठडा धरून उलटी जिना उतरले. चार दिवस भारतीय संडास म्हणजे परीक्षा होती. परत गेलेच नाही.

तिसरा जानेवारीत. मोबाइलवरचं तीस दिवसांचं आव्हान, रोज 10,000 पावलं. अकराव्या दिवसापासून डावी टाच. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा टोचतो. दहा-बारा पावलं चाललं की कमी होतो, ऑफिसात तासभर बसून उठलं की पुन्हा तेच.

आता फेब्रुवारी संपत आला. होळी झाली की इथलं ऊन कसं तापतं ते नागपूरकरांना सांगायला नको. सकाळी सव्वासहाला दोन डबे आणि मुलाची व्हॅन, संध्याकाळी रस्त्यांवर धूळ. टाचेचं काय करू? सुरुवात किती आणि कुठून करू? की सरळ पावसाळ्यापर्यंत थांबू?

एक विनंती, "मनात आणलं की होतं" असं लिहू नका. मनात भरपूर आहे, टाचेत नाही.

तर्रीपोहे

बुटाचं वाचून चहा नाकातून आला ताई, माफ करा. पण हे आमच्याकडेही झालं आहे. बूट घातले नाही म्हणून ते नवे राहत नाहीत. तळाचा फोम आणि डिंक नुसता ठेवूनही जुना होतो, आणि आपल्या गच्चीखालच्या माळ्यावर मे महिन्यात जी भट्टी असते तिथं तर लवकरच. सहा वर्षं जुनं कोणतंही पादत्राण धावायला नको. टाच दुखून राहिली आहे तर नवीन बूट हा पहिला खर्च. जिमच्या पैशांचं दुःख नंतर करू.

बाकी मी दर रविवारी फुटाळा तलावावर तीन फेऱ्या मारतो आणि नंतर तर्री-पोहे खातो, त्यामुळे माझा सल्ला घेऊ नका.

धंतोलीचा फिजिओ

न बघता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वर्णन तळपायाच्या पट्ट्याला सूज आल्याचं अगदी नेहमीचं आहे. सकाळचं पहिलं पाऊल आणि बसून उठल्यावरचं पाऊल, या त्याच्या दोन खुणा. एकदा कोणाला तरी पाय दाखवा. मुंग्या येत असतील, टाच गरम-लाल असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर लगेच.

तोवर घरी: फरशीवर अनवाणी चालणं बंद. आपल्याकडे घरात चप्पल घालायची सवय नाही, पण स्वयंपाकघरात तासभर उभं राहणारीला ती हवीच. मऊ तळाची, फक्त घरातली. पलंगावरून उतरायच्या आधीच पायाची बोटं हाताने मागे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. भिंतीला हात टेकवून पोटरी ताणा. आणि एक दिवसाआड टाचा उचला: पायरीच्या कडेवर उभं राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला दोन्ही पायांवर. हा त्रास आठवड्यात जात नाही, महिने घेतो. पण घेत असतानाही तुम्ही व्यायाम करू शकता.

आता मुख्य गोष्ट. तुमचे तिन्ही प्रयत्न आळसाने फसलेले नाहीत, जुन्या हिशोबाने फसलेत. दम दोन-चार आठवड्यांच्या खंडानेच उतरायला लागतो, पण परतही तुलनेने लवकर येतो. पूर्वी कमावलेले स्नायूही नवशिक्यापेक्षा पटकन भरतात. मागे राहतात ते कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि पट्टे, कारण त्यांची दुरुस्ती सावकाश चालते. त्यामुळे दहाव्या दिवशी दम पुरायला लागतो, तुम्हाला वाटतं "आलं की परत!", आणि नेमकं तेव्हाच टाच, पोटरी किंवा गुडघा तक्रार करतो. जुन्या धावणाऱ्यांमध्ये मी हे फार बघतो. अगदी नवीन माणूस घाबरून हळू करतो, म्हणून वाचतो.

स्क्वॅट्सचं दुखणं वेगळं. सवय नसलेला व्यायाम केला की दुखणं 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असतं, म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवशी बऱ्या होतात आणि तिसऱ्या दिवशी उलट्या उतरलात. आठवडाभराने तेच स्क्वॅट्स, पण दहाच, केले असते तर जवळजवळ दुखलं नसतं. मात्र अशा दुखण्यासोबत लघवी चहासारखी गडद झाली तर घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि सुरू करण्याआधी बीपी, शुगर, हिमोग्लोबिन बघून घ्या. काही तपासलेलं नाही असं तुम्हीच लिहिलंय.

वर्धा रोड

माझं मत, धावणं सोडाच आता. चाळिशीनंतर धावलं की गुडघे जातात. पोहा किंवा सायकल चालवा.

धंतोलीचा फिजिओ

@वर्धा रोड, हौसेने धावणाऱ्यांचे गुडघे बैठ्या लोकांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासांत दिसत नाही. जुनी दुखापत असेल तर गोष्ट वेगळी. सध्या मात्र त्यांनी धावू नये हे मलाही मान्य, पण ते टाचेमुळे.

लेआउटवाली

अगं, तुझा सगळा दिवस वाचला आणि माझाच वाटला. सकाळी डबे करणाऱ्या बाईला "पहाटे उठून तासभर चाला" सांगणाऱ्यांनी एकदा त्या भाजीला फोडणी घालून दाखवावी.

मी काय केलं सांगते. तासभर शोधणं सोडलं. ऑफिस झाशी राणी चौकाजवळ, मी सुभाषनगरहून मेट्रोने जाते. सकाळी एक दिवसाआड शंकरनगरलाच उतरते आणि पुढे पायी, वीस-पंचवीस मिनिटं होतात. या मार्गावरची स्टेशन सगळी उंचावर, म्हणून चढताना जिना, सरकता नाही. (तुला टाच बरी होईपर्यंत जिना नको.) संध्याकाळी जेवण झाल्यावर आमच्या लेआउटमधल्या नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) गार्डनमध्ये दहा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेचं आठवड्याला किमान 150 मिनिटांचं माप आहे न, ते तुकड्यातुकड्यानेही भरतं, 2020 पासून तर दहा मिनिटांचा सलग तुकडाच हवा ही अटसुद्धा त्यांनी काढली.

आणि तुझी ती 10,000 पावलं! तो आकडा 1960 च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढला होता. डॉक्टरांनी काढलेला नव्हे. त्याच्यापायी टाच घालवलीस बाप्पा.

फुटाळ्याचे काका

मुली, मी 71 वर्षांचा. बायपासनंतर मला दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये पाच मिनिटं चालायला सांगितलं होतं. नर्स बाजूने चालायची. मला लाज वाटली, कारण त्याआधी मी रोज सेमिनरी हिल्सचा चढ चढत होतो. पण पाचाचे सहा, सहाचे आठ, असं करत सहा महिन्यांनी पुन्हा जॅपनीज गार्डनपर्यंत पोचलो. रोज वही लिहितो. आजचं कालपेक्षा एखाद मिनिट जास्त, एवढंच बघायचं. जुनी वही उघडायची नाही.

उन्हाचं म्हणाल तर थांबू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. मार्चपासून थोडं थोडं बाहेर असाल तर एप्रिल सोसतो. पावसाळ्यापर्यंत घरात कूलरसमोर बसलात तर पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात साडेपाचलाच उजाडतं, सहाच्या आत आटोपायचं. नवतप्यात (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) आम्ही अर्धंच चालतो आणि जास्त बोलतो. निघण्याआधी पाणी, आल्यावर लिंबू-मीठ-साखर. डोकं दुखलं, मळमळलं की सावलीत बसायचं, घाम बंद झाला तर सरळ दवाखाना, शौर्य नको.

अंबाझरीकर

काका, सव्वासहाला डबे असतात हो. पहाटेचं मला जमणार नाही. बाकी सगळ्यांचे आभार. फिजिओ सर, "जुन्या हिशोबाने" हे वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हेच मी सांगत होतो." सांगत नव्हता.

एक विचारते, 21 दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात. माझी अकराव्या दिवशी तुटते.

तर्रीपोहे

21 चं विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर अभ्यास झाला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज 254 पर्यंत गेला. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. (बघा, पोहे खाणारा माणूसही वाचतो.)

अंबाझरीकर (पाच आठवड्यांनंतर)

कोणी विचारलं नाही तरी हिशोब देते.

बीपी 142/92 निघालं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, रोज मोजून लिहायला सांगितलं आणि चालायला परवानगी दिली. जड वजनं, श्वास रोखून जोर लावणं, तूर्त नाही. म्हणजे शंभर स्क्वॅट्स तेव्हा मी कुठल्या बीपीवर केले देव जाणे.

टाच एकाकडे दाखवली, तेच निघालं. पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाट जागी, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. चालताना अपमान वाटायचा. गार्डनमध्ये एक बाई कमरेला पदर खोचून, फोनवर भांडत भांडत मला मागे टाकायच्या. तरी नियम पाळला: सकाळी टाच कालच्यापेक्षा जास्त दुखली तर त्या दिवशी निम्मं. दोनदाच निम्मं करावं लागलं. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस आणि भिंतीवर जोर, दहा-दहा.

खिळ्याचा आता खडा झाला आहे. चौथ्या आठवड्यापासून एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. परवा सातवं करावंसं फार वाटलं. दम होता. केलं नाही. वहीत "6" लिहिलं आणि शेजारी "चिडले" असंही लिहिलं.

काल पारा 40 ला गेला. संध्याकाळी आठलाही रस्त्यातून वाफा येतात, त्यामुळे डब्यांची भाजी रात्री चिरून ठेवायला लागले आहे, कणीक नवरा मळतो (जाड मळतो, पण मळतो). सोमवारपासून साडेपाचला निघणार.

काका, तुम्ही फुटाळ्याला नेमके कुठल्या टोकाला भेटता?