बालीतलं बेंगकाला गाव: तिथे सगळेच खुणांनी बोलतात हे खरंय का?

मुक्ता_२२
नमस्कार मंडळी, मार्चमध्ये घरचे सगळे बालीला जायचं चाललंय, आईबाबा, मी आणि धाकटा भाऊ. भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, तो साइन लँग्वेज बोलतो आणि घरात मला बऱ्यापैकी येते, आईला कामापुरती, बाबांना फारशी नाही. त्याने कुठेतरी एक व्हिडिओ पाहिला की उत्तर बालीत बेंगकाला नावाचं खेडं आहे जिथे ऐकू येणारी माणसंसुद्धा खुणांनी बोलतात, दुकानदार, शेजारी, सगळे, आणि तेव्हापासून त्याने दुसरं काही ऐकायचं नाव सोडलंय, बीच नको देऊळ नको आधी हे गाव. टूरवाल्याला विचारलं तर त्याला नावच माहीत नव्हतं. कोणी गेलंय का? खरंच असं आहे की व्हिडिओत वाढवून सांगितलंय? आणि आपण उगाच बघायला म्हणून जाणं बरं दिसतं का, हाही प्रश्न आहेच.

शाळेतली_ताई
मुक्ता, खरं आहे गं. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते आणि आमच्या ट्रेनिंगमध्ये या गावाचा विषय निघाला होता, तेव्हापासून मी त्यावर मिळेल ते वाचत आलेय. १९९५ मध्ये जो अभ्यास छापून आला त्यात गावाची लोकसंख्या २,१८५ आणि त्यातले ४७ जण जन्मतः बहिरे, म्हणजे शंभरात दोनाहून जास्त. एरवी जगात हे प्रमाण हजार बाळांमागे साधारण एक असतं. पण खरी गोष्ट त्या ४७ जणांची नाहीच, बाकीच्यांची आहे. गावातल्या ऐकणाऱ्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त जणांना ही खुणांची भाषा कमीअधिक येते, कोणाला अगदी अस्खलित, कोणाला पाणी दे, उद्या ये एवढीच, पण येते. तिला काता कोलोक म्हणतात. ही कोणी शाळेत बसून तयार केलेली नाही, किमान पाच पिढ्या गावातच वाढलीये, इंडोनेशियाच्या शहरांतल्या साइन लँग्वेजशी तिचा संबंध नाही आणि आपल्या इंडियन साइन लँग्वेजशीही नाही.

त्यात एक भारी प्रकार आहे. एखाद्या माणसाबद्दल बोलायचं तर त्याचं घर गावात खरोखर ज्या दिशेला असेल तिकडे बोट दाखवायचं. वेळ सांगायची तर सूर्य त्या वेळी आकाशात जिथे असतो तिथे, दुपारचे बारा म्हणजे सरळ डोक्यावर. हे चालतं कारण गाव छोटं आहे आणि कोण कुठे राहतो हे प्रत्येकाला पाठ आहे. ऐकणारे बालीनीज लोकही बोलताना डावं-उजवं म्हणण्यापेक्षा डोंगराकडे-समुद्राकडे असंच जास्त म्हणतात, त्यामुळे दोन्ही भाषांची दिशा एकच.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का. १८८० साली मिलानला परिषद भरली आणि तिथे जमलेल्यांनी, ज्यात जवळपास सगळे ऐकणारे शिक्षक होते, ठराव केला की बहिऱ्या मुलांना खुणा नकोत, तोंडाने बोलायलाच शिकवा. त्याचा परिणाम आपल्याकडच्या शाळांवर इतकी वर्षं राहिला की मुलांचे हात बांधल्यासारखे झाले, मी स्वतः अशी मुलं पाहिलीत जी दहा वर्षांची होईपर्यंत कुठलीच भाषा धड शिकली नव्हती. बेंगकालात मूल बहिरं जन्मलं की पहिल्या दिवसापासून त्याच्याभोवती भाषा असते. शिकायचं ओझं ऐकणाऱ्यांवर आहे आणि त्यांना ते ओझं वाटत नाही.

जनुकवाला
थोडी बायोलॉजी टाकतो. हे रिसेसिव्ह आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून जीनची बिघडलेली कॉपी आली तरच मूल बहिरं होतं, दोघं नुसते कॅरियर (एकच कॉपी बिघडलेली, स्वतःला ऐकू येणारे) असतील तर प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. बेंगकालातले लोक पिढ्यानपिढ्या गावातच लग्न करत आले म्हणून कॅरियर खूप झाले, त्याच अभ्यासात ऐकणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. याच गावातल्या कुटुंबांच्या मदतीने जीनची जागा १७ व्या क्रोमोसोमवर सापडली आणि १९९८ मध्ये जीन नक्की झाला, एमवायओ१५ए, आतल्या कानाच्या पेशींवर जे बारीक केसासारखे तंतू असतात ते त्याच्याशिवाय नीट वाढत नाहीत. याच जीनमधले वेगवेगळे बिघाड भारत-पाकिस्तानातल्या कुटुंबांतही सापडलेत. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतात, तिथे असं काही असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलिंग घ्या एवढंच सांगेन. आणि हो, असं गाव आपल्या देशातही आहे, जम्मूच्या डोडा जिल्ह्यातलं धडकाई, तिथे जीन वेगळा आहे.

वाटसरू_सातारा
मी गेलोय. दक्षिणेकडून गाडीने तीन तास तरी धरा, किंतामणीवरून उत्तरेला उतरणारा रस्ता कुबुतंबहानला समुद्राकडे येतो, बेंगकाला त्याच तालुक्यात, सिंगाराजा शहरापासून १५ किलोमीटरच्या आसपास. गाव बघायला म्हणाल तर साधं आहे, शेतं, केळी, गाई, कोंबड्या, देवळं, फोटोत भव्य दिसेल असं काही नाही, ज्यांना इन्स्टाग्रामवाली बाली हवी त्यांनी एवढं लांब जाऊ नये. मला जे आवडलं ते असं की एका घरासमोर तीन बायका गप्पा मारत होत्या, भरपूर हसत, आणि त्यात बहिरी कोण ते मला बराच वेळ कळलंच नाही. बहिऱ्या लोकांना कोलोक म्हणतात आणि गावात त्यांना वेगळं काढून ठेवलेलं नाही, शेती-मजुरी बाकीच्यांसारखीच, शिवाय गावची राखण, पाण्याच्या पाइपांची दुरुस्ती आणि कोणी गेलं तर खड्डा खणणं ही कामं परंपरेने त्यांच्याकडे, म्हणजे गावाला ज्यांच्याशिवाय चालणार नाही अशीच. त्यांचा जांगेर कोलोक म्हणून नाचही आहे, नाचणारे बहिरे, ताल हाताच्या इशाऱ्याने देतात.

मुक्ता, बरं दिसतं का म्हणालीस तर तुझा भाऊ बरोबर असेल तर मला वाटतं उलट जाच. कॅमेरा घेऊन कोणाच्या अंगणात घुसू नका, आधी गावच्या ऑफिसात जाऊन सांगा, गावातलाच कोणीतरी बरोबर घ्या.

रानवारा
सगळं वाचून छान वाटलं पण एक शंका. पोरांना शिकायला बाहेर पडावं लागत असणारच ना? मग ही भाषा किती दिवस टिकणार?

शाळेतली_ताई
रानवारा, तोच तर जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. गावातल्या शाळेत बहिऱ्या मुलांना २००७ पासून बाकीच्यांबरोबर बसवायला लागले, त्याआधी बहुतेकांचं शिक्षण झालंच नाही. पुढे शिकायचं तर दक्षिणेला बोर्डिंगमध्ये, तिथे शहरातली साइन लँग्वेज, मग मित्र तिथले, जोडीदारही तिथला. आणि बाहेरच्या बहिऱ्या जोडीदारात बहुतेक वेळा हाच जीन बिघडलेला नसतो, त्यामुळे मुलं ऐकणारी जन्मतात. लहान बहिरी मुलंच गावात उरली नाहीत तर ऐकणाऱ्यांना तरी रोज बोलायला कोण उरणार. तरीही मी मुलांना गावातच ठेवा असं कधीच म्हणणार नाही, शिक्षण हवंच, फक्त त्या शाळेत त्यांची स्वतःची भाषासुद्धा चालली पाहिजे. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात स्थानिक साइन लँग्वेजचा मान राखा, जमेल तिथे शिकवा असं लिहिलंय. कागदावर आहे, पण वर्गात मला अजून दिसलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुक्ता_२२
सगळ्यांचे खूप आभार, भावाला सगळं वाचायला दिलं. ताई तुमचा ऐकणाऱ्यांवरच्या ओझ्याचा मुद्दा बाबांनाही दाखवला, ते काही बोलले नाहीत पण रात्री जेवताना त्याला आमटी वाढू का हे खुणेने विचारलं. वाटसरूदादा, भावाची इंडियन साइन तिथे अजिबात चालणार नाही का?

वाटसरू_सातारा
जशीच्या तशी नाही चालणार, पण बहिरी माणसं वेगळ्या भाषेच्या बहिऱ्या माणसाशी आपल्यापेक्षा पटकन जुळवून घेतात हे मी पाहिलंय, त्याची काळजी करू नका, काळजी तुमच्या बाबांचीच करा. एक मात्र बघून घ्या, मार्चमध्ये त्यांचा न्येपी येतो, शक संवत्सराचा पहिला दिवस, साधारण आपल्या पाडव्याच्या आसपास, त्या दिवशी बालीत कोणी घराबाहेर पडत नाही आणि विमानतळसुद्धा २४ तास बंद असतो, तेव्हा तिकीट काढायच्या आधी तारीख बघा. आणि कुबुतंबहानला मेदुवे करंग देऊळ आहे, तिथल्या भिंतीवर सायकल चालवणारा माणूस कोरलाय, मागचं चाक कमळाच्या फुलाचं, वाटेतच आहे, थांबा.