मदत हवी आहे: कॉलेजच्या अर्जाचा निबंध लांबतोय, आणि त्यात मीच कुठे दिसत नाही

कांदेनवमी:

नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, नाशिक. वनस्पतिविज्ञानासाठी तीन ठिकाणी अर्ज करतेय: अमेरिकेत कॉर्नेल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं डेव्हिस, इंग्लंडमध्ये रेडिंग. कॉमन अ‍ॅपच्या (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठीचा सामायिक ऑनलाइन अर्ज) निबंधाचा पहिला खर्डा झालाय, पण ८१२ शब्द भरतायत आणि मर्यादा ६५० ची आहे. रचना अशी आहे: सुरुवातीला एक सुविचार. मग नाशिकची ओळख, म्हणजे गोदावरी, कुंभमेळा, द्राक्षं. मग दोन परिच्छेद आजोबांवर, निफाड तालुक्यात त्यांनी दोन एकरांवरून शेती कशी वाढवली. पाचव्या परिच्छेदात आमच्या कांदाचाळीचं, म्हणजे कांदा साठवायच्या कोठाराचं वर्णन. चाळीच्या कुठल्या भागात कांदा जास्त सडतो याची मी दोन वर्षं वही ठेवलीय, तेही तिथे एका ओळीत आहे. शेवटी शेतकऱ्यांसाठी काम करण्याची इच्छा.

काय कापू? हाच निबंध तिन्हीकडे चालेल का? क्लासच्या सरांकडून किंवा एआयकडून इंग्रजी सुधारून घेतलं तर चालतं का? आणि अकरावीत काविळीमुळे दोन महिने बुडाले, मार्क घसरले, ते निबंधात लिहावं का?

गंगापूररोड_वाचक:

तुझा निबंध त्या वहीच्या एका ओळीत आहे. बाकीचं बहुतेक काढावं लागेल. का, ते आधी समजून घे, म्हणजे कापताना जीव खालीवर होणार नाही.

शाळेत आपल्याला निबंधाचा एक साचा पाठ होतो: सुविचाराने सुरुवात, विषयाची महती, दोन-तीन दाखले, शेवटी संदेश. तिथे परीक्षक विषय तपासतो. इथे वाचणाऱ्याला विषयाशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला विद्यार्थी बघायचा असतो. तुझे मार्क, उपक्रम, शिक्षकांची शिफारसपत्रं त्याच्यासमोर आधीच असतात. त्यातून जे कळत नाही ते तो निबंधात शोधतो: ही मुलगी कशाकडे लक्ष देते, तिला प्रश्न कसे पडतात, अंदाज चुकला की ती काय करते. सुविचार दुसऱ्याचा आहे. कुंभमेळ्याची माहिती नाशिकचं कुणीही लिहील. आजोबांच्या दोन परिच्छेदांत निर्णय घेणारे आणि शिकणारे आजोबा आहेत, तू फक्त कडेला उभी आहेस. त्यांच्याबद्दलचा आदर खरा आहे, तो एका वाक्यातही पोचेल.

खर्ड्याची प्रिंट काढ. ज्या वाक्यात तू स्वतः काही केलंस, पाहिलंस, ठरवलंस किंवा बदललंस त्याखाली रेघ मार. मग रेघेवरचे शब्द मोज. ६५० शब्दांत निदान ४०० तरी रेघेवर हवेत. तू सांगतेस त्यावरून आत्ता शंभरच्या आसपास भरतील.

आता वहीबद्दल सांग, मराठीतच, जमेल तसं: काय मोजायचीस, किती दिवसांनी, तुझा पहिला अंदाज काय होता, तो चुकला का, आणि चुकलाय हे कशावरून कळलं?

कांदेनवमी:

चाळीत १२ जागा ठरवल्या होत्या, दोन्ही बाजूंना सहा-सहा. दर रविवारी प्रत्येक जागेचे ५० कांदे बघायचे आणि सडलेले, मोड आलेले, काजळी धरलेले वेगळे मोजायचे. मे ते सप्टेंबर. पश्चिमेकडच्या टोकाला सड जास्त यायची. मला वाटलं पाऊस तिकडून येतो, झड आत जात असणार. म्हणून पुढच्या वर्षी त्या बाजूला ताडपत्री बांधायला लावली. तर सड वाढली. मग खाली वाकून बघितलं तर तळाच्या पट्ट्यांमधल्या फटी टरफलांनी आणि मातीने बुजलेल्या होत्या, फक्त त्याच टोकाला, कारण कांदा भरताना ट्रॉली तिथे रिकामी होते. वारा खालून येतच नव्हता, आणि ताडपत्रीने बाजूचाही बंद केला होता.

गंगापूररोड_वाचक:

हाच निबंध. साठवलेला कांदा श्वसन करतो, त्यातून ऊब आणि ओल बाहेर पडते, आणि ती वाऱ्याबरोबर निघून गेली नाही की सड धरते. हे शास्त्र तू स्वतःच्या चुकीतून गाठलंस. वनस्पतिविज्ञानाला जाणाऱ्या मुलीसाठी याहून चांगला विषय शोधायला जाऊ नकोस.

६५० शब्द साधारण असे वाट. सुरुवातीचे ८० ते १०० शब्द चाळीतल्या एका रविवारचे: हाताला काय लागलं, वास कसला, वहीत काय लिहिलं. पुढे दीडशे शब्दांत मोजायची पद्धत आणि पावसाचा अंदाज. मग ताडपत्री आणि वाढलेली सड, शंभर शब्द. इथे घाई करू नकोस, आणि 'मी निराश झाले' असंही लिहू नकोस. वहीतले त्या आठवड्याचे आकडे लिही, निराशा त्यातूनच दिसेल. तळाच्या फटी सापडल्या तो भाग दीडशे. उरलेल्या शंभर-सव्वाशेत हे सांग की या चुकीनंतर तुझी बघण्याची पद्धत कशी बदलली, आणि ते दुसऱ्या एखाद्या जागी दाखव, प्रयोगशाळेत, घरात, कुठेही. बहुतेक खर्डे इथेच पडतात: गोष्ट चांगली सांगतात आणि शेवटी 'यातून मी चिकाटी शिकले' लिहून मोकळे होतात. चिकाटी हा शब्द हजार निबंधांत असतो. त्याऐवजी 'आता मी उपाय करण्याआधी कारणाच्या दोन शक्यता तरी लिहून काढते' हे तुझं आहे.

५० शब्द हातचे ठेव. इंग्रजी नीट करताना ते लागतातच.

सातपूर_ताई:

तिन्हीकडे एकच निबंध चालणार नाही. तिघांचं मागणं वेगळं आहे.

कॉर्नेलला कॉमन अ‍ॅपमधून जायचं: २५० ते ६५० शब्द, सात प्रश्नांपैकी एक निवडायचा, सातवा म्हणजे आपल्या पसंतीचा विषय. तुझी वही अडथळा-अपयश या दुसऱ्या प्रश्नात बसते, वेळेचं भान हरपायला लावणाऱ्या विषयाच्या सहाव्यातही बसते. आधी निबंध लिही, प्रश्न नंतर निवड. कॉर्नेलच्या शेतीच्या कॉलेजला वेगळा पुरवणी निबंधही लागतो, त्यात हाच विषय आणि हेच कॉलेज का, हे विचारतात. चाळीची गोष्ट तिथे पुन्हा सांगू नकोस, ती संपते तिथून पुढे बोल: काढणीनंतरच्या साठवणुकीचं काय शिकायचंय, तिथल्या कुठल्या अभ्यासक्रमात.

डेव्हिस कॉमन अ‍ॅपवर नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र असतो, आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. तिथे वर्णनात्मक सुरुवात करायची गरजच नाही. मुलाखतीत विचारल्यावर जसं थेट सांगशील तसं पहिल्याच वाक्यात उत्तर दे. एका प्रश्नात वही वापरलीस तर उरलेल्या तिघांत कांद्याचा उल्लेखही नको. चारही उत्तरं मिळून एक माणूस दिसायला हवा, त्याच्या चार बाजूंनी.

रेडिंगसाठी यूकास, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांचा सामायिक अर्ज. २०२६ च्या प्रवेशापासून तिथे सलग निबंध राहिलेला नाही, तीन प्रश्न आहेत: हा विषय का, तुझ्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, शिक्षणाबाहेर काय केलंस आणि ते कसं उपयोगी. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. शब्द नव्हे, अक्षरं. हे विसरून अनेकांची शेवटच्या रात्री कापाकाप होते. वही तिसऱ्या उत्तरात जाईल, तीही पाच-सहा वाक्यांत: पद्धत, निष्कर्ष, त्यानंतर काय वाचलंस. भावनेला तिथे फार जागा नाही. यूकासमध्ये पाचपर्यंत पर्याय निवडता येतात आणि तेच उत्तर सगळ्यांकडे जातं, त्यामुळे त्यात कुठल्याही विद्यापीठाचं नाव घालायचं नाही.

कावीळ मुख्य निबंधात नको. कॉमन अ‍ॅपमध्ये अडचणी आणि परिस्थितीसाठी २५० शब्दांची वेगळी ऐच्छिक जागा आहे. तिथे ६०-७० शब्द पुरेत: कुठल्या महिन्यात आजारी, किती दिवस गैरहजर, कुठल्या विषयांवर परिणाम, त्यानंतरचे मार्क काय. तारखा आणि आकडे. सहानुभूती मागणारं वाक्य एकही नको. शाळेकडून अहवाल जातो त्यातही हे यावं म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेव.

कांदेनवमी:

ताई, दादा, खूप आभार. नवीन सुरुवात आधी मराठीत लिहून बघितली:

"लहानपणापासूनच मला शेतीची आवड होती. जून महिन्यातल्या एका रविवारी मी चाळीत गेले तेव्हा खूप दुर्गंधी येत होती. मी हात घातला तर कांदे ओले लागले. ५० पैकी बरेच कांदे खराब झाले होते. मला खूप वाईट वाटलं."

गंगापूररोड_वाचक:

पहिलं वाक्य काढ. आवड आहे हे १२ जागांच्या वहीवरून कळतंच. 'खूप' दोनदा आलाय, दोन्ही काढ. 'दुर्गंधी' कुठलीही असू शकते, सडक्या कांद्याला स्वतःचा वास असतो, तो शब्दांत पकड. 'बरेच' म्हणजे किती? वही तुझ्याकडे आहे, आकडा लिही. आणि वाईट वाटलं म्हणण्याऐवजी त्या क्षणी केलंस ते लिही. रचना अशी होईल, आकडे तुझ्या वहीतून भर:

"सातव्या जागेवर हात घातला आणि बोटं आत रुतली. वरचा कांदा कोरडा होता, त्याखालचा दाबला की पाणी सुटत होतं. ५० पैकी अमुक. समोरच्या बाजूला, चार फुटांवर, फक्त तमुक. मी दोन्ही आकडे पुन्हा मोजले आणि वहीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं."

पुन्हा मोजणं आणि प्रश्नचिन्ह माझ्या मनचं आहे. तू तसं केलं नसशील तर लिहू नकोस, जे केलंस ते आठव. मी दिलेली वाक्यंही जशीच्या तशी उचलू नकोस.

मराठीत आधी लिहिण्याची कल्पना उत्तम आहे, पण नंतर वाक्यावाक्याचं भाषांतर करू नकोस. मराठी खर्डा दोनदा वाच, पालथा ठेव, आणि इंग्रजीत नव्याने सांग. भाषांतर केलं की वाक्यं लांबतात आणि क्रियापद हरवतं.

पंचवटीकर:

इंग्रजीबद्दल. आपल्या इंग्रजीतले काही शब्द तिकडे वेगळे पोचतात. 'पास्ड आउट' म्हणजे तिकडे बेशुद्ध पडले, कॉलेज संपवलं असा अर्थ निघत नाही. प्रश्न या अर्थाने 'डाउट' नको. 'सिन्स चाइल्डहूड' आणि 'आय हेल फ्रॉम' काढून टाक. जड शब्द कोशातून आणू नकोस. बोलताना तोंडात येत नाही तो शब्द निबंधात नको.

'चाळ' हा शब्द रोमन लिपीत खुशाल ठेव, पहिल्यांदा येईल तिथे वाक्याच्या ओघात सांग: जमिनीपासून उचललेलं, बाजूंना फटी असलेलं लांबट कोठार. तळटीप, शब्दसूची नको. क्विंटल लिहिलंस तर किलोत दे, एक क्विंटल म्हणजे १०० किलो. लाख-कोटी टाळ, आकड्यातला स्वल्पविरामही त्यांच्या पद्धतीने दर तीन अंकांनी दे.

सरांची मदत घे, पण कुठवर ते ठरव. सरांनी 'इथे कळलं नाही', 'हे दोनदा आलंय', 'इथे काळ चुकला' एवढं समासात लिहावं. वाक्य त्यांनी बदललं की तो आवाज त्यांचा होतो, आणि शिफारसपत्रं, पुरवणी उत्तरं, निबंध शेजारी ठेवून वाचणाऱ्याला तो फरक जाणवतो. दोघांहून जास्त जणांना दाखवू नकोस. पाचव्या माणसाच्या सूचना घालेपर्यंत निबंधातला कांदा संपून जातो आणि 'लीडरशिप' उरते.

एआयकडून लिहून घेऊ नकोस, आणि 'सुधार' म्हणून अख्खा निबंध त्यात टाकूही नकोस. परत येतो तो गुळगुळीत आणि कुणाचाही. शिवाय कॉमन अ‍ॅपच्या नियमांत एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीत मोडतं, आणि यूकास दिलेली उत्तरं आधीच्या मजकुरांशी ताडून बघतं. स्पेलिंग तपासायला वर्डमधली सोय पुरते.

कांदेनवमी:

शेवटचं एक. वेळ कसा लावू? आणि वर्डमधून पेस्ट करताना काय बघू?

सातपूर_ताई:

कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर आणि बांधील अर्ज, करणार असशील तर बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर धरून चाल. कॅलिफोर्नियाचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा. यूकासची १५ ऑक्टोबरची तारीख ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयसाठी आहे, रेडिंगला जानेवारीपर्यंत वेळ मिळतो. तुझी सहामाही आणि दिवाळी यातच येते, म्हणून मोठा निबंध सप्टेंबर संपायच्या आत पुरा कर. पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यात निदान आठ दिवसांचं अंतर ठेव, त्या आठवड्यात फाईल उघडूच नकोस. मग मोठ्याने वाच, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. जिथे अडखळशील ते वाक्य तोड.

पेस्ट करण्याआधी मजकूर नोटपॅडमध्ये टाकून तिथून उचल, म्हणजे वर्डची सजावट गळून पडते. परिच्छेदांमधल्या मोकळ्या ओळी राहिल्या का बघ. रकान्याखालचा आकडा वर्डपेक्षा थोडा वेगळा येऊ शकतो, खरा तोच धर. सबमिट करण्याआधी प्रीव्ह्यूची पीडीएफ उघड आणि शेवटचं वाक्य पूर्ण आलंय का ते आधी बघ, मग नाव पासपोर्टवर आहे तसंच अक्षर-अक्षर जुळव. आणि हे सगळं शेवटच्या तारखेच्या निदान तीन दिवस आधी.

कांदेनवमी:

वही काढलीय. सातव्या जागेला ५० पैकी १९ होते, समोर ४. मोबाइलमध्ये त्या दिवशीचा बुजलेल्या फटींचा फोटोही सापडला. रविवारी इंग्रजी खर्डा टाकते.